बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक कसे द्यावे?

अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात, खर्डा व आसपासच्या कोरडवाहू गावांत, रब्बी ज्वारी हे माणसाच्या भाकरीचे आणि जनावरांच्या कडब्याचे पीक आहे. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा तिच्या पेरणीचा काळ. गावपातळीवरील कार्यकर्त्याने बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक त्यापूर्वीच द्यावयास हवे.

दाणे काणीच्या बुरशीचे बीजाणू बियाण्याला चिकटून येतात. बी उगवताना बुरशी कोवळ्या रोपात शिरते. परंतु कणीस बाहेर पडेपर्यंत तिची खूण दिसत नाही. दाण्याच्या जागी काळी भुकटी दिसू लागते, तेव्हा उपाय हातचा गेलेला असतो. म्हणून सांगणाऱ्याची चूक शेतकऱ्यास सुगीत भोगावी लागते.

पूर्वतयारी : एका बैठकीत एकच विषय घ्यावा. १ किलो बियाणे, ३०० मेश गंधकाची भुकटी, लहान तराजू व झाकणाचा डबा आधीच जवळ ठेवावा. कृती घरी एकदा करून पाहावी. शक्य झाल्यास काणीचे जुने कणीस आणावे. ते पाहिले की लांबलचक प्रस्तावनेची गरज उरत नाही.

कृती : सर्वांना दिसेल अशा जागी उभे राहावे. नाकातोंडास कापड बांधून ४ ग्रॅम गंधक तोलावे, बियाण्यावर टाकावे आणि प्रत्येक दाण्यास भुकटी लागेपर्यंत डबा हलवावा. प्रत्येक पायरी आधी करून दाखवावी व मगच तिचे कारण सांगावे. "योग्य प्रमाणात" असे मोघम शब्द टाळावे. प्रक्रिया केलेले उरलेले बी माणसांनी खाऊ नये, जनावरांनाही घालू नये, हे बजावून सांगावे.

पडताळा : "समजले का?" असे विचारल्यास सगळेच माना डोलावतात. त्याऐवजी एखाद्या शेतकरी बंधूच्या हाती डबा द्यावा. एकरी ४ किलो बियाण्यास गंधक किती, हे दुसऱ्यास विचारावे. १६ ग्रॅम हे उत्तर आपण सांगण्याची घाई करू नये. स्त्रियांनाही ही कृती करण्याची संधी द्यावी, कारण पुष्कळ घरी बियाण्याची निगा त्याच राखतात.

याला पद्धत प्रात्यक्षिक म्हणतात. त्याच्या जोडीस परिणाम प्रात्यक्षिकही ठेवावे. एका शेतात प्रक्रिया न केलेल्या बियाण्याच्या थोड्या ओळी वेगळ्या पेराव्या व तेथे खुणेची पाटी लावावी. कणसे आल्यावर तीच मंडळी त्या शेतात पुन्हा जमवून दोन्हींतील काणीची कणसे त्यांच्याकडूनच मोजून घ्यावी.