हट्टी मूल आणि आईबापांचे धैर्य

कीर्तन संपते, आरती होते, बुक्का लावून मंडळी पांगू लागतात, तोच एखादी माउली लेकराचा हात धरून पुढे येते आणि म्हणते, "बुवा, ह्याच्या डोक्यावर जरा हात ठेवा. काही केल्या ऐकत नाही हो!" गेली चाळीस वर्षे गावोगाव हे आम्ही ऐकत आहो. पूर्वी मूल जत्रेतल्या पिपाणीसाठी भुईवर लोळण घेई, आता मोबाईलसाठी घेते. वस्तू बदलली, हट्ट तोच आहे. त्या माउलीच्या डोळ्यांत मात्र खरी भीती असते. पोर वाया तर जाणार नाही ना? आपले काही चुकले तर नाही ना? अशा आईबापांना धीर देण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. हट्ट हा शब्द संस्कृत 'हठ' ह्या शब्दापासून आला. धरलेले न सोडणे, एवढे त्याचे मर्म. आता पाहा, परमार्थात आपण निश्चय, निष्ठा, नेम म्हणून ज्याची थोरवी गातो, त्यातही धरलेले न सोडणे हेच असते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी निश्चयी बुद्धी एक असते, असे सांगून तिचा गौरव केला आहे. म्हणजे हट्ट व निश्चय ह्यांचे बळ एकच. काय धरले, एवढाच भेद. पखवाजाचे कातडे ताणलेले असते म्हणूनच त्यातून बोल निघतो. वाजवणारा ते फाडीत नाही. हलक्या हाताने ठोकून सुरात आणतो. मुलाचेही तसेच करावयाचे असते. हट्ट मोडू नये, वळवावा. हाच ह्या लेखाचा सिद्धांत.

कोणी म्हणेल, बुवा, हे बोलायला ठीक आहे. तर आपल्या संप्रदायाच्या मुळाशीच पाहा. ज्या पुंडलिकाच्या नावाने आपण रोज जयघोष करतो, तो आरंभी आईबापांस जुमानीत नसे, अशीच परंपरेची कथा आहे. पुढे त्याचे मन पालटले व तो त्यांच्या सेवेस लागला. पण स्वभावातला कणखरपणा गेला काय? मुळीच नाही! प्रत्यक्ष परमात्मा दारी आला, तरी हातातली सेवा त्याने सोडली नाही. वीट पुढे टाकली आणि देवाला उभे केले. पूर्वी आईबापांपुढे जे मन वाकत नव्हते, तेच आता त्यांच्या सेवेवरून हलेना. म्हणून आज मूल उलट बोलते एवढ्यावरून त्याचे भविष्य कोणी ठरवू नये.

दुसरा दृष्टांत भागवताच्या चौथ्या स्कंधातला, ध्रुवाचा. पाच वर्षांचे पोर बापाच्या मांडीवर बसायला गेले. सावत्र आई सुरुची हिने त्याला टोचून बोलून अडविले. रागाने फुरफुरत ते सुनीतीकडे आले. आता सुनीतीने काय केले, हे आयांनी नीट पाहावे. तिने त्याला गप्प केले नाही, मारले नाही, सुरुचीविरुद्ध चिथावलेही नाही. आधी सांगितले, की बाळ, दुसऱ्याचे वाईट चिंतू नकोस. मग त्याच्या रागाला वाट दिली, की एवढे मोठे स्थान हवे तर हरीला आळव. पुढे नारद भेटले. त्यांनी मुलाला परत फिरवून पाहिले. तो फिरेना, तेव्हा त्याला मंत्र, स्थान आणि उपासनेची रीत दिली. न वळणाऱ्या मुलाला नारदांनी नुसते मोकळे सोडले नाही, त्याच्या निश्चयाला शिस्त लावली.

पण कथा इथेच संपत नाही. ध्रुव राजा झाल्यावर त्याचा भाऊ उत्तम एका यक्षाच्या हातून मेला. तोच जुना आवेश उसळला आणि ध्रुवाने निरपराध यक्षांचाही संहार मांडला. तेव्हा आजोबा स्वायंभुव मनु आले, एकाच्या अपराधासाठी अनेकांना मारू नये म्हणून समजाविले, आणि ध्रुवाने शस्त्र आवरले. ह्यातून दोन गोष्टी घ्याव्या. हट्टी स्वभाव एका उपदेशाने कायमचा निवत नाही, पुन्हा पुन्हा सांगावे लागते. आणि ज्या मुलाशी घरच्यांनी प्रेमाचे नाते तुटू दिले नाही, ते मोठेपणीही वडिलांचा शब्द ऐकते.

मारावे की नाही, हाही प्रश्न येतो. पाच वर्षे लाड, दहा वर्षे ताडन, सोळाव्या वर्षापासून मित्रत्व, अशा अर्थाचा श्लोक लोक आम्हालाच ऐकवितात. गंमत अशी, की मधले ताडन तेवढे सर्वांच्या लक्षात राहते. आधीचे लाड आणि नंतरचे मित्रत्व कोणी आचरीत नाही. आमचे मत स्पष्ट आहे. माराने मूल भिते, खोटे बोलायला शिकते, आणि आपल्याहून दुबळ्याला मारू लागते. धाक शब्दाचा असावा, हाताचा नको.

मग करावे काय? वारीतच उत्तर आहे. माउलींची पालखी मुक्कामाच्या तळावर पोहोचली, की समाजआरतीसाठी दिंड्या गोळा होतात. टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सारे शांत! पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. तेव्हा चोपदार तिच्यावर ओरडत नाहीत; जवळ जातात, तक्रार विचारतात, निवाडा होतो, मग टाळ थांबतात आणि आरती होते. बाबांनो, हट्टी पोर म्हणजे टाळ न थांबविणारी दिंडी! जवळ जाऊन विचारा, काय दुखते? कधी भूक असते, कधी झोप, कधी धाकट्या भावंडाचा मत्सर. तक्रार ऐकली म्हणजे मागितले ते दिलेच पाहिजे, असे मात्र नाही. दंड उंच राहतो, हेही विसरू नये.

घरात पाळण्याजोगे चार नेम सांगतो.

१. नियम थोडे ठेवा, पण ठेवाल ते पाळा. जिवाला धोका, दुसऱ्याला मारणे आणि खोटे बोलणे, ह्या तिन्हींत सूट नाही. बाकी पुष्कळ गोष्टींकडे काणाडोळा करता येतो.

२. आईबापांचा शब्द एक असावा. आई नाही म्हणते आणि आजोबा हळूच देतात, तेथे मूल हट्टालाच फळ येते असे शिकते.

३. लहान निवड त्याच्या हाती द्या. "आंघोळ कर" म्हणून झगडण्यापेक्षा "आधी आंघोळ की आधी दूध?" असे विचारा. त्याचा मान राहतो, तुमचे काम होते.

४. चार लोकांत पाणउतारा करू नका. राग ओसरल्यावर जवळ घेऊन बोला. आणि त्याच्या बळाजोगे काम सांगा: दिंडीत पताका, हरिपाठाला टाळ, घरी पाण्याचा तांब्या भरणे. काम नीट केले, तर चांगले म्हणायला विसरू नका.

एक सूचना. मूल बोलायला फार उशीर करीत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, किंवा कुणाशीच मिसळत नसेल, तर त्याला हट्ट समजून अंगारेधुपारे करीत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. त्यात कमीपणा काहीच नाही.

शेवटी त्या दमलेल्या माउलीला सांगणे, की बाई, तुझे मूल वाईट नाही आणि तूही कमी पडलेली नाहीस. पंढरीची वाट कोणी एका दिवसात चालत नाही. आजचा मुक्काम गाठायचा, रात्री विसावायचे, पहाटे पुन्हा निघायचे. मूल वाढविणे तसेच आहे. आज रागावून बोललीस तर रात्री निजताना त्याच्या पाठीवरून हात फिरव, एकदा हरीचे नाव घे, आणि उद्या पुन्हा त्याच शांतपणे सांग. चाल सोडू नकोस. रामकृष्ण हरि.