चित्रफितीचे संपादन : घरच्या संगणकास योग्य साधनाची निवड



वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून घेणे, कुंभाराच्या चाकाचे काम पाहणे, असे परिसर अभ्यासाचे उपक्रम आता मोबाईलवर चित्रित केले जातात. परंतु पाऊण तासाच्या चित्रणातून चार मिनिटांचा पाठ सिद्ध करण्याचे काम शिक्षकास बहुधा रात्री, घरच्या संगणकावर करावे लागते. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. पण त्यात शिक्षकाचा वेळ, पदरचा पैसा आणि पुन्हा न मिळणारे चित्रण ही तिन्ही गुंतलेली असतात. ओव्या सांगणारी आजी पुढील वर्षी असेलच, असे नाही. म्हणून या निवडीचा क्रमवार विचार करू.

(१) प्रथम यंत्र, मग सॉफ्टवेअर

फुल एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस ३ बाइट व सेकंदास ३० चौकटी धरल्या, तर एका सेकंदाच्या चित्रास १८,६६,२४,००० बाइट लागतात. मोबाईल हे चित्र संकोचून साठवितो. संपादनाच्या वेळी संगणकास ते पुन्हा उलगडावे लागते. दुर्बल संगणक अडखळतो तो यामुळेच.

तेव्हा प्रथम आपल्या संगणकाची रॅम किती आहे ते पाहावे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम व अबाउट या क्रमाने गेल्यास तो आकडा दिसतो. शॉटकट या सॉफ्टवेअरचे निर्माते फुल एचडीसाठी किमान ८ जीबी व फोर-केसाठी १६ जीबी रॅम सुचवितात. डाविंची रिझॉल्व्ह हे चित्रपट-व्यवसायात मान्यता पावलेले साधन असून त्याची एक आवृत्ती विनामूल्य मिळते. पण त्यास १६ जीबी रॅम व समर्थ ग्राफिक्स कार्ड लागते. साध्या संगणकावर त्याचा आग्रह धरणे म्हणजे गोऱ्ह्याला मोटेस जुंपणे होय.

रॅम ४ जीबीच असेल, तर मोबाईलवरच १२८० × ७२० या मापाने चित्रण करावे. त्यात बिंदूंची संख्या निम्म्याहून कमी होते आणि वर्गात दाखविण्यास ते माप पुरते. शॉटकट व केडेनलाइव्ह यांत प्रॉक्सीची सोयही आहे : काम लहान प्रतीवर चालते व अंतिम फीत मूळ चित्रणावरून तयार होते.

(२) विनामूल्य, परंतु निर्धोक

शॉटकट, ओपनशॉट व केडेनलाइव्ह ही तिन्ही मुक्त सॉफ्टवेअरे आहेत. ती विंडोज व लिनक्स या दोहोंवर चालतात, आणि तयार फितीवर कोणत्याही कंपनीची मुद्रा उमटत नाही. विंडोज ११ सोबत येणारे क्लिपचॅम्प शिकण्यास सोपे आहे. मात्र त्यास मायक्रोसॉफ्टचे खाते व इंटरनेट लागते. ज्या गावी रात्री नेटवर्क टिकत नाही, तेथे त्यावर विसंबू नये.

अनेकांच्या परिचयाचे विंडोज मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये बंद केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात, त्या नावाची बनावट प्रत लोकांकडून पैसे उकळीत असल्याचे ईसेट या संगणकसुरक्षा कंपनीने उघडकीस आणले. यावरून बोध घ्यावा : सॉफ्टवेअर निर्मात्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे, आणि कुलूप तोडलेली चोरटी प्रत घरात आणू नये.

(३) दोन मिनिटांची परीक्षा

निवड कायम करण्यापूर्वी आपल्याच मोबाईलवरील दोन मिनिटांचे चित्रण घेऊन पुढील गोष्टी कराव्यात.

(अ) नको तो भाग कापावा व दोन तुकडे जोडावेत.
(आ) मराठी शीर्षक द्यावे. ‘विद्यार्थी’, ‘स्त्रीशिक्षण’, ‘पर्जन्यमापन’ यांसारखे शब्द लिहून जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी जागच्या जागी येतात की नाही, ते तपासावे.
(इ) बोलणाऱ्याचे ओठ व आवाज जुळतात का, ते शेवटपर्यंत पाहावे. मोबाईलचा चौकटींचा वेग सर्वकाळ सारखा नसल्याने आवाज मागेपुढे होऊ शकतो. अशी फीत आणताच शॉटकट ती रूपांतरित करण्याची सूचना देते, ती स्वीकारावी.
(ई) एमपी४ स्वरूपात फीत तयार करून ती शाळेच्या टीव्हीवर लावून पाहावी.

या चारही कसोट्यांस जे उतरेल, ते सॉफ्टवेअर आपले. दुसऱ्याच्या संगणकावर ते कसे चालते, यास फारसे महत्त्व नाही.

(४) मूळ चित्रणाचे रक्षण

संपादनाच्या प्रकल्प-फाइलमध्ये सामान्यतः चित्रे नसतात. कोणता तुकडा कोठून घ्यावयाचा, एवढीच टिपणे असतात. मूळ चित्रण पुसले, तर प्रकल्प उघडूनही हाती काही लागत नाही. म्हणून सर्व चित्रण एका फोल्डरमध्ये ठेवावे, कामास आरंभ करण्यापूर्वीच दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, आणि मगच मोबाईल रिकामा करावा. तसेच मुलांचे चेहरे दिसणारी फीत शाळेबाहेर देण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी.

शिक्षकांसाठी कार्य

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येकाने आपल्या संगणकाची रॅम, वापरून पाहिलेले सॉफ्टवेअर आणि दोन मिनिटांची फीत तयार होण्यास लागलेला वेळ, या तीन नोंदी आणाव्यात. केंद्रातील सर्व नोंदी एका तक्त्यावर मांडल्यास, नव्याने आरंभ करणाऱ्या शिक्षकास आपल्यासारख्याच संगणकाचा अनुभव आयता मिळेल.