पुण्याच्या पाण्याची बातमी कशी वाचावी?



पावसाळा सरला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटा चौकोन छापून येतो. त्यात धरणांची नावे, पुढे टक्के आणि टीएमसीचे आकडे असतात. आपल्यापैकी बरेच जण तो चौकोन ओलांडून बाजारभावाकडे जातात. ती पुण्याची बातमी आहे, आपल्याला काय करायची, असे वाटते. पण मुठा उजव्या कालव्यावर हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांत ज्यांचा ऊस उभा आहे, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांचा निकाल त्या चौकोनात असतो. म्हणून या अंकात तो कसा वाचायचा याचा धडा घेण्याचे आम्ही ठरवले. थोडे गणित आहे, पण पाटकऱ्याशी हुज्जत घालण्यापेक्षा सोपे आहे.

आधी मापे पाहू. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष, म्हणजेच एक अब्ज घनफूट पाणी. लिटरात ते सुमारे २,८३२ कोटी लिटर होते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. एक क्युसेकचा प्रवाह दिवसरात्र चालला तर २४ तासांत साधारण साडेचोवीस लाख लिटर पाणी होते आणि ३ इंचाची पाळी सुमारे ८ एकराला बसते. हा ८ चा आकडा पाठच करून ठेवा. कालव्याला १,००० क्युसेक सोडले असे छापून आले, तर एक टीएमसी संपायला साडेअकरा दिवस लागतात, हेही ध्यानात ठेवा.

पुणे शहर मात्र क्युसेकमध्ये बोलत नाही, दशलक्ष लिटरमध्ये बोलते. त्यामुळे दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवले तरी जुळत नाहीत आणि भांडण वाढते. हिशेबासाठी शहराचे रोजचे पाणी १,६०० दशलक्ष लिटर धरू. त्याचे क्युसेक केले तर सुमारे ६५० येतात. म्हणजे ६५० क्युसेकचा एक पाट, ज्याला पाळी नाही, बंद नाही, रविवार नाही, बारा महिने अखंड वाहतो आहे असे समजा. वर्षाचे ते २० टीएमसीच्या आसपास जाते. पूर्वीच्या करारात महापालिकेसाठी वर्षाला ११.५० टीएमसी धरलेले होते. शहराच्या पूर्व भागाला २०२१ पासून भामा आसखेडचे पाणी मिळू लागले, तरी मुख्य भार खडकवासल्यावरच आहे.

आता तो चौकोन पुढ्यात घ्या. खडकवासला साखळीत चार धरणे आहेत. त्यांचा उपयुक्त साठा असा: वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला अवघा १.९७ टीएमसी. चारींची बेरीज २९.१५. मथळा येतो, 'खडकवासला शंभर टक्के भरले', आणि आपल्याकडे लोक लागणीचे बेणे तोडायला घेतात. अहो, खडकवासला हा नुसता तळाचा रांजण आहे. तो भरला म्हणजे दोन टीएमसीसुद्धा झाले नाहीत. वरसगाव ६० टक्के असले तर त्यात साडेसात टीएमसीहून अधिक पाणी असते. तेव्हा एका धरणाचे टक्के वाचून हुरळू नये की घाबरूही नये. चौकोनाच्या तळाशी 'एकूण' म्हणून आकडा असतो, तो पाहावा आणि शेजारी गेल्या वर्षीचा त्याच तारखेचा आकडा असतो, तोही पाहावा.

एक उदाहरण सोडवून बघू. समजा १ मार्चला चारही धरणांत मिळून १५ टीएमसी आहे. शहराचे पाणी जुलैअखेरपर्यंत राखून ठेवायला लागते, कारण पाऊस कधी लागेल याचा भरवसा नाही. पाच महिन्यांचे महिना १.७ प्रमाणे साडेआठ टीएमसी झाले. उरले साडेसहा. त्यातून उन्हाने उडून जाणारे पाणी वजा करा, दौंड-इंदापूरकडच्या पिण्याच्या पाण्याच्या योजनांचे वजा करा. आता १,००० क्युसेकने ४५ दिवसांचे एक आवर्तन म्हणजे जवळजवळ ३.९ टीएमसी. म्हणजे उन्हाळ्यात एक आवर्तन नक्की आणि दुसऱ्याबद्दल फक्त आशा. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत काय होणार हे बैठकीआधीच घरबसल्या कळले की नाही? मग फेब्रुवारीत नवी सुरू लागण किती करायची, खोडवा कुठला ठेवायचा, हे ठरवताना पुढाऱ्याच्या भाषणाची वाट पाहायला नको.

इथे काही मंडळी म्हणतील, सगळे पाणी पुणेकरांनीच पळवले. आम्ही दोन्ही बाजूंचा हिशेब मांडणार आहोत, एका बाजूचा नाही. महापालिकेच्याच सांगण्याप्रमाणे शहरात ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत पाणी गळतीत जाते. नव्या टाक्या, नव्या नळवाहिन्या आणि मीटर बसवण्याची योजना त्यासाठीच आहे आणि ती वर्षानुवर्षे चालू आहे. एवढी गळती आपल्या पोटचारीला असती तर पाटबंधारे खात्याने आपल्याला नोटीस काढली असती. हे बोलायलाच पाहिजे आणि आपण बोलतोही.

पण दुसरी बाजू अशी. पाटपाण्यावरच्या बारमाही उसाला, पाऊस धरून, दोन ते अडीच मीटर उभे पाणी लागते. दोनच मीटर धरले तरी एकराला ८१ लाख लिटर झाले. माणशी रोज १५० लिटर धरले तर हे पाणी सुमारे १५० माणसांना वर्षभर पुरते. म्हणजे एका एकरात एक वाडी नांदते! शहरवाले हाच आकडा आपल्या तोंडावर फेकतात आणि त्याला उत्तर नुसत्या आवाजाने देता येत नाही. उत्तर ठिबकने देता येते. ठिबकवर उसाचे ४० टक्क्यांच्या आसपास पाणी वाचते आणि मुळाशी वाफसा टिकून उतारा घटत नाही, उलट वाढतो, हे आपल्याच कित्येक सभासदांच्या रानात दिसते आहे. कायद्याचे म्हणाल तर पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे. २००३ च्या जलनीतीत शेती उद्योगाच्याही खाली, तिसऱ्या क्रमावर गेली होती. २०११ मध्ये ती पुन्हा दुसऱ्यावर आली. पहिला क्रम आपल्याला मिळणार नाही आणि मागूही नये, कारण शहरात तहानलेली माणसे आपलीच आहेत. कुणाची मुले हडपसरला खोली घेऊन शिकतात, कुणाची लेक धायरीला दिली आहे.

या धायरीकडची बातमी तर मुद्दाम वाचण्यासारखी आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. गावे आली, इमारती उठल्या, नळ मात्र मागे राहिला. तिथले कितीतरी लोक विहिरीच्या आणि टँकरच्या पाण्यावर राहिले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन बॅरे नावाच्या आजाराची साथ आली. २०० हून अधिक संशयित रुग्ण झाले, काही दगावले. या आजारात पायांतून शक्ती जाते आणि अशक्तपणा वर चढत येतो. काही रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्न-पाण्यातून येणारे जंतू सापडले. धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांना शुद्ध पाणी मिळू नये, याला काय म्हणावे! तिकडे राहणाऱ्या मुलाबाळांना एवढेच कळवा: टँकरचे असो की विहिरीचे, पाणी खळखळ उकळूनच प्या, आणि पायाला मुंग्या येऊन जिना चढवेना झाला तर दुखणे अंगावर न काढता तडक दवाखाना गाठा.

शहराचे आणि आपले पाणी एकाच भांड्यातले आहे, ही गोष्ट पुण्याला दोनदा चांगलीच कळली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अर्धवट बांधकामाचे धरण फुटले, त्या लोंढ्याने ब्रिटिश अमदानीतले खडकवासलाही फोडले. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच शहराचे नळ कोरडे. लोक वाड्यांतल्या आडांकडे आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजहून आणलेल्या पाण्याच्या हौदांकडे वळले. जुन्या सभासदांना ते दिवस आठवत असतील. अलीकडची बातमी २७ सप्टेंबर २०१८ ची. पर्वतीजवळ जनता वसाहतीपाशी मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाकडच्या वस्तीत पाणी घुसले. भांडीकुंडी, पोरांची दप्तरे, साठवलेले धान्य वाहून गेले. पुण्याच्या पेपरात ती पुराची बातमी होती. त्याच वेळी आपल्याकडे खाली पाट आटला, आणि तीही बातमीच होती, फक्त छापली गेली नाही. कालवा शहरातून जातो तेवढ्या भागात गळती, चोरी आणि राडारोडा फार, म्हणून खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याची योजना पुढे आली. बोगदा झाला तर वाचणारे पाणी नेमके कुणाच्या नावावर लिहिले जाणार, ही बातमी आली की तिच्यावर लाल पेन्सिलीने खूण करून ठेवा.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत गंभीर मुद्दा. शहर वापरलेले पाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून जुन्या कालव्यात, म्हणजे आपण ज्याला बेबी कालवा म्हणतो त्यात, सोडते. वर्षाला साडेसहा टीएमसी असे पाणी शेतीला देण्याचे ठरलेले आहे. वर्तमानपत्रात आकडा येतो तो किती सोडले याचा. कसे सोडले, ते आपल्या नाकाला कळते. फेस आणि वास घेऊन आलेले पाणी उसाला सुरुवातीला मानवते, ऊस काळाभोर दिसतो, कारण त्यात नत्र असते. पण दोन-तीन वर्षांत काळी जमीन चिवट होते, वर पांढरा थर धरते, पाणी मुरत नाही. मग कितीही सुपर फॉस्फेट टाका. म्हणून पाण्याची वाहकता तपासून घ्यावी. ०.७५ पर्यंत ठीक. ०.७५ ते २.२५ मध्ये असेल तर निचऱ्याचे चर काढल्याशिवाय देऊ नये आणि विहिरीच्या पाण्याशी मिसळून द्यावे. २.२५ च्या वर गेले तर उसाला दाखवूही नये. सोडियमचे प्रमाणही त्याच वेळी पाहून घ्यावे. मेथी, कोथिंबीर, काकडी अशा कच्च्या खाण्याच्या मालाला हे पाणी अजिबात नको. पाणी भरणाऱ्या गड्याला गमबूट द्या आणि घरी आल्यावर साबणाने हातपाय धुवायला सांगा.

तपासणी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये होते. नमुना आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाकडे दिला तरी चालेल. पाट चालू झाल्यावर पहिल्या दिवसाचे गढूळ पाणी घेऊ नका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रवाहाच्या मधून घ्या. एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा आणि चिठ्ठीवर गट नंबर, चारी नंबर, तारीख लिहा. विहिरीचा नमुना वेगळ्या बाटलीत आणा. आणि बाटली औषधाची किंवा दारूची नको, गेल्या खेपेस तशा बऱ्याच आल्या होत्या.