बसून राहण्याची सोय

पुण्याजवळच्या ज्येष्ठांच्या संकुलात आम्ही दोघं आलो ते आराम मिळावा म्हणून. जेवण तयार, धुण्याभांड्याला बाई, औषधं दाराशी. ह्यांनी आयुष्यभर मंडईचं काम स्वतःकडे ठेवलं होतं. इथे पिशवी उचलायचं कारणच उरलं नाही. पुढे सोफ्यावरून उठताना हाताचा आधार लागू लागला. डॉक्टर म्हणाले, सांधे ठीक आहेत, मांड्यांचे स्नायू झिजलेत.

म्हणून अशा संकुलात जाऊ पाहणाऱ्यांना कळकळीनं सांगते, नुसती व्यायामशाळा पाहून भुलू नका. सकाळी तिथे किती माणसं असतात ते पाहा. आमच्याकडे यंत्रं उत्तम होती, व्याख्यानंही झाली, तरी तिथे कुणी फिरकत नसे. ‘तब्येतीसाठी चाला’ म्हटलं की पाऊस, पाहुणे, अपुरी झोप, काहीही आड येतं. ह्यांना घराबाहेर काढलं ते वाचनालयानं. ज्यांना खाली उतरता येत नाही त्यांना पुस्तकं पोचवायची, जुनी परत आणायची. कुणीतरी वाट पाहत असतं, मग हे निघतातच. तुमच्या संकुलात असं काम नसेल तर व्यवस्थापकांकडे मागून घ्या. बागेचं असो, पूजेच्या फुलांचं असो, पण रोजचं हवं आणि जोडीनं करायचं हवं.

दहा हजार पावलांचा धसका मात्र घेऊ नका. तो आकडा 1965च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवली. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे. ही दुसरी बाजू आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. नुसत्या चालण्यानं मांड्यांना हवी तेवढी ताकद येत नाही. बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रातल्या नव्वदीच्या आसपासच्या मंडळींनी आठ आठवडे पायांनी वजनं उचलली. 1990 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली होती. नव्वदीत हे घडतं, मग पंचाहत्तरीत ‘आता काय व्हायचंय’ म्हणून का बसायचं?

सुरुवात घरातच होते. भिंतीला टेकवलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीतून शक्यतो हात न लावता उठा, सावकाश बसा. ओट्याला धरून टाचा उचला. श्वास कोंडू नका. छातीत दुखलं, गरगरलं तर लगेच थांबा. हृदयविकार असेल किंवा गुडघे बदललेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

आणि मुलांनो, आईवडील एकदा पडले की तुम्ही धास्तावून त्यांना बसवून ठेवता. बसून पाय आणखी कमजोर होतात, पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांची तपासणी झाली की ‘आता फिरू नका’ म्हणण्याआधी फिजिओथेरपिस्टला बोलवा.