परातीतला दर्या

चला, एक खेळ खेळूया. परातीत ४० चिंचोके टाकू. परात म्हणजे दर्या. चिंचोके म्हणजे पापलेट. आपण चौघे नाखवे. डाव संपला, की जेवढे उरतील तेवढेच नवे टाकायचे.

पहिल्यांदा आपण न बोलता खेळलो. चौघांनी १०-१० उचलले. परात रिकामी! आता पुढे काय खाणार?

मग आपण बोलून ठरवले. प्रत्येकाने ५ च घ्यायचे. २० उरले, त्यांचे पुन्हा ४० झाले. खेळ चालू राहिला.

कुणी गुपचूप ७ घेतले तर? दंड काय, तेही सगळ्यांनी मिळून ठरवू. जुन्या तांडेलांना आणि मासे विकणाऱ्या बायांनाही विचारू.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. पावसाळ्यात पुष्कळ मासे अंडी घालतात. आज परातीत राखू, तर उद्या जाळ्यात येईल.