पहिले शील आणि घरातील उपद्रवी जीव

पंचशीलातील पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्यास सांगते. परंतु कणगीतील धान्य उंदीर फस्त करीत असताना आणि पाळण्यातील लेकरास डास चावत असताना गृहस्थाने काय करावे? आमच्या मते, भगवान बुद्धांच्या शिकवणीप्रमाणे आधी कारण शोधावे. अन्न, पाणी व आसरा मिळेनासा झाला, की उपद्रव ओसरतो.

लहान उंदीर सुमारे 6 मिलिमीटरच्या फटीतूनही आत शिरतो. म्हणून दाराखाली पत्रा ठोकावा, भिंतीतील भोके बुजवावीत. धान्य कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या कोठीत भरावे. सरपण व उकिरडा घरापासून दूर असावा; उंदरांमागोमाग नाग-घोणसही येतात. रांजणाचे तोंड कापडाने बांधावे, म्हणजे डासाची मादी तेथे अंडी घालू शकत नाही. उंदरांवर जगणाऱ्या गव्हाणी घुबडास अशुभ मानून हुसकू नये.

झिंक फॉस्फाइडची गोळी घरात नकोच. तिच्या विषावर उतारा नाही आणि ती लेकराच्या हाती केव्हा लागेल, याचा नेम नाही.

एवढ्याने हिंसा सर्वस्वी टळेल असे आम्ही म्हणत नाही. मात्र मारण्याचे प्रसंग निश्चितच कमी होतील. शीलपालनाचा आरंभ असा घरातील स्वच्छतेपासून होतो.