सागरेश्वरला जाताय? पाणी ज्याचं त्यानं घ्या

सागरेश्वर अभयारण्य तसं लहान, १०.८७ चौरस किलोमीटरचं. ताकारी आणि किर्लोस्करवाडी ही रेल्वे स्टेशनं जवळ, हरणं दिसतात, लगत महादेवाची जुनी देवळं. लेकराबाळांना घेऊन एका दिवसात जाऊन यायला सांगली जिल्ह्यात यापेक्षा चांगली जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. पण शिमग्यानंतर जाणार असाल, तर आधी हे ऐका.

आम्ही दोन घरची माणसं चढावर होतो. मोठी पोरं सांबर दिसलं म्हणून पुढं पळाली आणि पाण्याची पिशवीही त्यांच्याबरोबर गेली. मागं बहीण, मी आणि आठ वर्षांचा भाचा. "मामा, पोटऱ्या दुखायला लागल्यात," म्हणत तो खाली बसला. तोंड लालबुंद, ओठ कोरडे, मग एक उलटी. झाडं भोवती होती, पण पानगळीनं सावली कुठंच धड नव्हती. मागून आलेल्या एका जोडप्यानं त्यांची बाटली दिली. बहिणीनं ओढणीचं टोक भिजवून त्याच्या मानेवर, काखेत ठेवलं, घोट घोट पाणी पाजलं. पोरगं अर्ध्या तासानं बोलायला लागलं.

हा डोंगरच मुळात कोरडा आणि उघडाबोडका. मोहित्यांचे वडगावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, लोकांनी झाडं लावली, जगवली, हरणं आणून सोडली आणि १९८५ साली अभयारण्य झालं. माणसांनी उभं केलेलं हे रान पाहताना ऊर भरून येतो. पण झाडं लावली म्हणून मुरमाड जमीन आणि कमी पाऊस बदलत नाही. उन्हाळ्यात तिथं जनावरांनाही पाणवठ्यांचाच आधार.

म्हणून गेट उघडताच आत जा आणि ऊन चढायच्या आत खाली या. बाटली प्रत्येकाच्या खांद्याला हवी, अगदी लहानग्याच्याही. ओआरएसची पुडी खिशात असू द्या. पेटके, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली की चढ तिथंच सोडायचा. पोर बरळायला लागलं किंवा गुंगीत गेलं, तर तोंडात पाणी ओतू नका. अंग भिजवा, वारा घाला आणि १०८ला फोन करा. उष्माघातात वेळ फार थोडा मिळतो.

दुपार जवळच्याच देवराष्ट्रे गावात काढा. यशवंतराव चव्हाणांचं जन्मघर तिथंच आहे, पोरांना ते दाखवायलाच हवं.

आणि रानात काडी, विडी, चूल काही पेटवू नका. वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते, आणि ती झाडं कुणीतरी पाणी घालून वाढवलेली आहेत.